संध्याकाळच्या हवेवरचा शिक्का

३ फेब्रुवारी, मंगळवार

शेवटी ते काम माझ्याच गळ्यात पडलं. आमचे विभागप्रमुख आज सकाळी टेबलाशी येऊन उभे राहिले. मी त्यांना मनातल्या मनात सावकाशराव म्हणते, कारण कुठल्याही प्रश्नाला त्यांचं उत्तर 'बघू, सावकाश' हेच. म्हणाले, "जुना आणि नवा ताडून बघायचाय. पाच आठवडे आहेत. त्या जुन्याला तुमच्याइतकं ओळखणारं आता इथे कुणी नाही."

आता नाही, हे खरं. होता तो चार वर्षांपूर्वी गेला.

जुना म्हणजे दादाचा उपग्रह. दादा माझा थोरला भाऊ, त्या मोहिमेचा प्रमुख. जमिनीपासून वीस ते चाळीस किलोमीटर वर, स्थितांबरात, नायट्रोजनची संयुगं किती आहेत हे मोजायला हा उपग्रह वीस वर्षांपूर्वी सोडला होता. ही संयुगं तिथे अगदी चिमूटभर असतात, पण ओझोन टिकायचा की नाही हे बरंचसं त्यांच्यावर ठरतं. जुना अकरा वर्षं चालला आणि नऊ वर्षांपूर्वी बंद केला. नवा त्याच्या थोडा आधी वर गेला. दोघं मिळून मोजत होते ते चौदा महिने. त्या चौदा महिन्यांत आकडे जुळले तर दोन्ही जोडून वीस वर्षांची सलग नोंद होईल. नाही जुळले तर जुन्याची अकरा वर्षं कायमची बाद.

तशी ती अर्धी बाद झालेलीच आहेत. दहा वर्षांपूर्वी चौकशी समिती बसली. ध्रुवांकडच्या संध्याकाळच्या मोजण्या कमी भरतात असं फुग्यांवरच्या उपकरणांनी दाखवलं होतं. समिती म्हणाली, उपग्रहाचा आरसा अंधुक होत चाललाय आणि वेळेवर ते कळवलं गेलं नाही. दादाने हूं की चूं केलं नाही. भाजीवाल्याशी वीस मिनिटं हुज्जत घालणारा माणूस! त्याला उपकरणांच्या भांडारात नेऊन बसवलं. तिथे तो सहा वर्षं नटबोल्ट मोजत बसला आणि मग एका दुपारी त्याचं हृदय थांबलं.

मीही त्या उपग्रहावर होते, अगदी सुरुवातीला, सहा महिन्यांच्या कंत्राटावर. शिकाऊ माणसाला देतात तसली किरकोळ कामं: फायलींना नावं देणं, तारखा तपासणं, मोजणी सकाळची की संध्याकाळची याचा शिक्का मारणं. दादा मला मुंगी म्हणायचा. दिवसभर काहीतरी उचलून इकडून तिकडे नेत असते, म्हणून.

जुने आकडे फक्त त्याच्याच खात्यातून उघडतात. ते खातं कुणी बंद केलेलं नाही. आज मी त्याच्या नावाने आत गेले. पडद्यावर 'स्वागत' आलं आणि पुढे त्याचं नाव. मी खुर्ची जरा मागे घेतली.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

प्रोग्रॅममध्ये ओळींच्या मध्ये त्याचे शेरे आहेत. 'इथे दोनदा तोंडावर आपटलो आहे.' 'हा गुणक कुठून आला मलाही आठवत नाही, पण काढला की सगळं कोसळतं.' 'पुढे येणाऱ्या शहाण्या माणसा, ही ओळ सुंदर नाही हे मला माहीत आहे.' मी मोठ्याने हसले आणि 'हो रे बाबा' असं म्हणून गेले. शेजारच्या टेबलावरच्या गणितज्ञ बाईंनी मान वर केली आणि परत खाली घातली. त्या दादाच्या अंत्ययात्रेला आल्या होत्या.

उपग्रह बंद आहे, पण पडलेला नाही. अजून फिरतोच आहे, मुका. मार्ग दाखवणारं एक पान आहे, त्यावर बघितलं. आज चार वाजून दहा मिनिटांनी तो आमच्या डोक्यावरून गेला. मी गच्चीत जाऊन उभी राहिले. भर उन्हात काय दिसणार? तरी मान दुखेपर्यंत बघत होते.

११ फेब्रुवारी, बुधवार

ताडून बघायची रीत अशी. दोन्ही उपग्रहांनी जवळपास एकाच ठिकाणची, एकाच दिवशीची हवा मोजली असेल तर त्यांची जोडी लावायची. पण वेळ सांभाळावी लागते. नायट्रोजन डायऑक्साइड रात्री दुसऱ्या रूपात साठून बसतो आणि दिवसभर उन्हात हळूहळू सुटतो. म्हणून सकाळच्या हवेत तो कमी, संध्याकाळच्या हवेत जास्त. सकाळची संध्याकाळशी जोडली की सगळंच मुसळ केरात. सकाळ सकाळशी, संध्याकाळ संध्याकाळशी, हे इथे आल्यावर पहिल्या दिवशी शिकवतात.

विषुववृत्ताजवळ दोघं झकास जुळतात. ध्रुवांकडे संध्याकाळच्या जोड्यांमध्ये जुना तीस टक्के कमी. समितीने म्हटलं होतं तेच. जेवण गेलं नाही.

येताना औषधांच्या दुकानात वहिनी भेटली. ती दोन गल्ल्या पलीकडे राहते, पण दादा गेल्यापासून माझ्या घरी आलेली नाही. माझी लेक तिच्याकडे पडीक असते, तिचे लाड होतात. मी गेले की मात्र वहिनीला नेमकं काहीतरी काम निघतं. आजही तेच. "बरी आहेस ना?" म्हणाली आणि उत्तर ऐकायच्या आत पैसे देऊन बाहेर. चार वर्षं झाली, दुःख समजू शकते मी, पण माणसाने किती ते ताणावं? मी तिच्यासमोर दादाचा विषयसुद्धा काढत नाही, तिला त्रास नको म्हणून. त्याचं तिला काही नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

सुट्टीच्या दिवशीही गेले. इमारतीत कुणी नव्हतं. अकराच्या सुमाराला खोकल्याच्या गोळ्यांचा वास आला. दादा दिवसाला दहा-दहा चघळायचा. उठून खोलीभर फिरले, कपाटं उघडली. काही नाही. रखवालदाराला विचारलं, आत कुणी आलं होतं का? तो म्हणाला, "बाई, तुम्हीच आलाय." मग मी सगळे दिवे लावले आणि काम केलं. घाबरले, हे इथे लिहायला हरकत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आरसा निर्दोष आहे!

समितीच्या वेळी फुगे फक्त संध्याकाळी सोडले होते, म्हणून त्यांना फक्त संध्याकाळचं कमी दिसलं. मी आज सकाळच्या जोड्या बघितल्या. ध्रुवांकडे सकाळी जुना कमी नाही, जास्त आहे! मग नवा नव्हता तेव्हाची वर्षं घेतली आणि जुन्याचीच सकाळ त्याच्याच संध्याकाळशी ताडली. वर्षातले काही ठरावीक आठवडे सगळं उलटं: सकाळी जास्त, संध्याकाळी कमी. आणि हे अकराव्या वर्षी जेवढं, तेवढंच पहिल्या वर्षी. आरसा अंधुक झाला असता तर दरवर्षी वाढत गेलं असतं. शिवाय आरशाला काय कळतंय, सकाळ की संध्याकाळ?

दादा, तुझ्या यंत्रात काही खोट नव्हती. भर कचेरीत रडले. गणितज्ञ बाईंनी पाण्याचा पेला आणून ठेवला.

सावकाशरावांना सांगितलं. ते चक्क लगबगीने उठले. "मग चूक कुठे आहे?"

ती शोधायची आहे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

सापडली. शिक्क्यांत आहे.

उपग्रह हवेच्या कडेतून सूर्याकडे बघतो, सूर्य उगवताना आणि मावळताना. ज्याने शिक्क्यांचा प्रोग्रॅम लिहिला त्याने साधा हिशोब केला: उपग्रहाला सूर्य उगवताना दिसला की सकाळ, मावळताना दिसला की संध्याकाळ. बहुतेक ठिकाणी ते खरं असतं. पण ध्रुवांकडे काही आठवडे असे येतात की वर उपग्रहाला सूर्योदय दिसतो आणि ज्या हवेतून तो बघतोय तिथे मात्र संध्याकाळ असते. त्या आठवड्यांत सकाळच्या हवेवर संध्याकाळचा शिक्का बसला आणि संध्याकाळच्या हवेवर सकाळचा. अकरा वर्षं. मोजणी अचूक, शिक्का उलटा.

कुठल्या शहाण्याने हे लिहिलंय? खालच्या हवेला विचारायचं सोडून उपग्रहाला विचारलं! इतकी ढोबळ चूक, आणि भोगली कुणी? दादाने. तो माणूस आज जिथे कुठे असेल तिथे मजेत दोन वेळचं जेवत असेल. मी पहिला कच्चा प्रोग्रॅम लिहिला होता खरा, पण शिकाऊ मुलीचं काम कोण ठेवतं? ते नंतर कुणीतरी नव्याने लिहिलंच असणार. शोधून काढते त्याला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

लेक वहिनीकडून आली. जेवताना म्हणाली, "आई, तू ऑफिसात मामाच्या नावाने काही करतेयस का?"

"का गं?"

"मामीने मामाचा फोन अजून चार्ज करून ठेवलाय. कपाटात नाही, उशाशी. तीन आठवडे झाले, तो वाजतोय. 'तुमचं काम पूर्ण झालं' असे निरोप येतात. पहिल्यांदा वाजला तेव्हा तिच्या हातातलं भांडं पडलं."

माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. त्याच्या खात्यातून प्रोग्रॅम चालवला की संपल्याचा निरोप त्याच्याच पत्त्यावर जातो. मी मेलीने दिवसातून सात-आठ वेळा चालवलाय. मी म्हटलं, उद्याच्या उद्या बंद करते ते निरोप.

"नको. मी तेच म्हटलं तिला, तर म्हणाली, बंद करू नको म्हणावं. आणि त्या निरोपांत कामाचं नाव असतं ना? तू परवा 'शिक्के तपासणी' असं लिहिलं होतंस. ते वाचून मामी म्हणाली, पोचली वाटतं तिथपर्यंत."

वहिनीला यातलं काय कळतं? तिने आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. दादाच्या तोंडून शब्द कानावर पडले असतील, दुसरं काय.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

कुणीही नव्याने लिहिला नव्हता.

मी लिहिला तोच चालत राहिला. माझा कंत्राट क्रमांक, माझी तारीख, शेवटी 'तपासले, ठीक' असा माझाच शेरा. मी.

२ मार्च, सोमवार

शनिवार-रविवार अंथरुणातून उठले नाही. लेकीला ताप आहे म्हणून सांगितलं.

आज त्या प्रोग्रॅमच्या शेजारी आणखी एक फाइल दिसली. नाव 'मुंगी'. समितीसमोर जायच्या आदल्या दिवशीची. आत माझाच प्रोग्रॅम, दुरुस्त केलेला. वर दादाचा शेरा:

'शिक्के दुरुस्त केले. फुग्यांशी आता जुळतं. सध्या चालवत नाही. मुंगी कायम झाली की तिला सांगेन, मग तीच चालवेल.'

त्या वर्षी माझी कायम होण्याची वेळ होती. दहा वर्षं कंत्राटावर काढली होती, नवरा सोडून गेलेला, लेक सहा वर्षांची. चूक माझी म्हणून कागदावर आली असती तर मी बाहेर गेले असते, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही आहे. म्हणून तो समितीसमोर गप्प बसला आणि त्यांना आरशाला बोल लावू दिला.

मला राग आलाय. खूप आलाय. कुणी सांगितलं होतं तुला? अकरा वर्षांची हवा माझ्या नोकरीखाली गाडून टाकलीस! जगभर लोक ओझोनचा अंदाज बांधत राहिले आणि तुझे चांगले आकडे धूळ खात पडले. आणि मी तर तीन महिन्यांत कायम झाले होते. मग का नाही सांगितलंस? सहा वर्षं जिवंत होतास. दर पंधरा दिवसांनी यायचास, लेकीशी पत्ते खेळायचास. एक वाक्य बोलायला काय झालं होतं?

आज वास नव्हता. पण फाइल बंद करताना कुणीतरी मागून वाचतंय असं इतकं पक्कं वाटलं की मी मागे वळूनच पाहिलं नाही.

४ मार्च, बुधवार

सावकाशरावांना चूक काय ते सांगितलं. कुणाची ते सांगताना जीभ अडली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटतं, त्यांनी तारखा बघितल्या असाव्यात.

"हे बघा," ते म्हणाले, "अहवालात आपण 'वर्गीकरणाच्या पद्धतीत सुधारणा' असं लिहू. सगळे असंच लिहितात. आकडे सुधारले की झालं. नावाची काय गरज?"

"आणि समितीचा शेरा?"

"तो बघू. सावकाश."

समितीने दोन गोष्टी लिहिल्या होत्या: आरसा खराब आणि दादाने ते लपवलं. माझ्या नावाशिवाय पहिली जाईल. दुसरी जाणार नाही. शिक्क्यांची चूक कुणाची ते लिहिलं नाही तर मोहिमेच्या प्रमुखाचीच धरतात.

घरी येऊन त्यांच्या शब्दांत मसुदा लिहिला. 'वर्गीकरणाच्या पद्धतीत सुधारणा.' छान वाटला. पाच वर्षं राहिलीत निवृत्तीला, लेकीचं शिक्षण आहे. बऱ्याच दिवसांनी शांत झोप येतेय. हे लिहिताना लाज वाटतेय, पण येतेय.

६ मार्च, शुक्रवार

दुरुस्त शिक्क्यांनी चौदा महिने चालवले. ध्रुवांकडचा फरक तीस टक्क्यांवरून तीनवर आला. जुना आणि नवा एकमेकांच्या मागोमाग चाललेत.

मग मसुदा उघडला आणि ते वाक्य वाचलं, आणि परत तो वास आला. या वेळी उठले नाही. म्हटलं, बस बाबा, वाच. मग वाक्य खोडलं आणि लिहिलं: 'शिक्क्यांची चूक मी केली. मोहिमेच्या प्रमुखांना ती समितीच्या आधी सापडली होती. मला वाचवण्यासाठी त्यांनी ती सांगितली नाही.' खाली माझं पूर्ण नाव. यात धाडस वगैरे काही नाही. तो असा पाठीमागे उभा असताना आणखी पाच वर्षं या खुर्चीत बसणं मला जमणार नव्हतं, एवढंच.

८ मार्च, रविवार

अहवाल घेऊन वहिनीकडे गेले. पाठवण्याआधी तिला दाखवायचा होता. दार उघडून ती बाजूला झाली. आज तिला काही काम निघालं नाही.

तिने आकृत्या बघितल्या नाहीत. शेवटचं पान काढलं, ती तीन वाक्यं वाचली आणि चष्मा काढून ठेवला.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्या दिवसापासून."

"मग चार वर्षं माझ्याशी अशी वागतेस ती..."

"त्याने शपथ घातली होती. तुला सांगता येत नव्हतं, आणि तुझ्यासमोर बसून हसताही येत नव्हतं. मग काय करणार?"

मी माफी मागितली. मागताना वाक्य धड जुळेना. ती म्हणाली, "चूक गं काय, कुणाचीही होते. तू शिकत होतीस. त्या चुकीचा मला कधीच राग नव्हता."

"मग?"

ती खिडकीपाशी गेली. पाठमोरीच बोलली. "लोकांनी आरशाचं खरं मानलं, ते समजू शकते. ते परके होते. तू तर त्याची बहीण, त्याच कचेरीतली. हा माणूस भांडल्याशिवाय राहिला कसा, असं तुला एकदाही वाटलं नाही? एकदा तरी विचारायचंस त्याला. सहा वर्षं होता तो."

मी तिला म्हटलं, त्याने तरी कुठे सांगितलं? कायम झाल्यावर सांगेन असं लिहिलं होतं, सांगितलं नाही.

ती वळली. "सांगायला आला होता की. तुझी कायम झाल्याची ऑर्डर निघाली त्या संध्याकाळी. इथून ठरवून निघाला, चपला घालताना मला म्हणाला, आज सांगून टाकतो, मग दोघं मिळून समितीकडे जाऊ. तासाभराने परत आला. मी विचारलं, सांगितलंस? तर म्हणाला, फार खुशीत होती गं. राहू दे."

९ मार्च, सोमवार

सकाळी अहवाल पाठवला, नावासकट. सावकाशराव फक्त "बरं" म्हणाले. माझं पुढे काय ते वरचे ठरवतील. त्याची भीती वाटेल असं धरून चालले होते, पण अजून वाटलेली नाही.

ती संध्याकाळ आता मला पूर्ण आठवते. काल रात्रीपर्यंत आठवत नव्हती, किंवा निराळीच आठवत होती. दादा आला तेव्हा मी ऑर्डरचा कागद लेकीला वाचून दाखवत होते आणि ती सोफ्यावर उड्या मारत होती. तो दारातल्या खुर्चीवर बसला. म्हणाला, "मुंगे, त्या शिक्क्यांचं जरा बोलायचं होतं." मी त्याला पुढे बोलूच दिलं नाही. शेजारी बसले, त्याचा हात हातात घेतला, आणि किती समजूतदारपणे म्हटलं, दादा, आता तो विषय नको. किती मनाला लावून घेशील? आरसाच तो, कधीतरी अंधुक होणारच. तुझी काय चूक त्यात?

तो हसला, लेकीच्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. मी दारापर्यंत गेले. आज माझ्याशी बोलून त्याला बरं वाटलं असेल, असं म्हणत दार लावलं.